कच्ची माशी

ज्या माणसाने माझी माशी पळवली त्याला मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही. लोक म्हणतात, एवढ्याशा माशीसाठी एवढा राग? माशी एवढीशीच होती, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, हे मला मान्य आहे. पण ती तोवर जगात कोणीही नीट पाहून लिहून ठेवलेली नव्हती, आणि मी ती पाहिली होती. सगळ्या जगाच्या आधी मी पोचले अशी माझ्या आयुष्यातली ती एकच जागा. तिथे दुसऱ्याने येऊन आपली पाटी ठोकली.

आमचं घर साकोली तालुक्यात, एकोडीच्या बाजूला. आम्ही ढिवर. वर्षातले काही महिने तलावात मासोळी, काही महिने दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत काम, आणि पावसाळा उतरणीला लागला की बा जंगलात जायचा, कोशाचे किडे राखायला. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर हे बोटाएवढे जाड, हिरवेगार किडे पाला खाऊन वाढतात आणि शेवटी कोष करतात. त्या कोषांचं सूत आंधळगावच्या विणकरांकडे जातं. कोशाच्या लुगड्याचं कौतुक सगळे करतात. पाखरांना हाकत, मुंग्या झटकत, झाडाखाली दोन-दोन महिने काढणारा माणूस त्या लुगड्यात कोणाला दिसत नाही.

राखण म्हणजे आमच्यात व्रतच. किडे झाडावर असेपर्यंत बा दाढी करत नसे, डोक्याला तेल लावत नसे, आणि ढिवराला सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे मासोळीला हात लावत नसे. बाईमाणसाने त्या रानाची शीव ओलांडायची नाही. मी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाले, भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवू लागले, तरी माझ्यासाठी शीव होती तिथेच राहिली. मी नाल्याच्या अलीकडच्या काठावर बसायची, बा पलीकडे उकिडवा बसायचा, आणि बापलेकीचं बोलणं नाल्यावरून चालायचं. मला याचा राग येई. पण पोरीला कॉलेजात घालतो म्हणून गाव हसलं तेव्हा गावाशी भांडला होता तोही हाच माणूस. त्यामुळे तो राग मी नाल्याच्या अलीकडेच ठेवायची.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी बाचे किडे धडाधड मरू लागले. कोशाच्या किड्याला माशीचं वैर जुनंच आहे. एक मोठी करडी माशी किड्याच्या पाठीवर अंडं चिकटवते, त्यातली अळी आत शिरते, किड्याला आतून खात राहते आणि शेवटी भोक पाडून बाहेर पडते. ती माशी पुस्तकात होती. पण बा जे सांगत होता ते पुस्तकात नव्हतं.

"एका किड्यातून एक नाही तं दोन अळ्या निघाले पाह्यजे," बा पलीकडून म्हणाला. "यंदा सात-आठ निघून राहिल्या. बारीक बारीक. किडा कोष बी करत नाही. तसाच लोंबते अन् मरते."

"मेलेल्या किड्यायचं काय करतोस, बा?"

"करतो काय? झाडाच्या बुडाशी मातीत देतो."

ही चूक फक्त आमचीच माणसं करू जाणत. कोशाचा किडा आमच्यात देव. देव मेला म्हणून त्याला कोणी फेकत नाही, जाळत तर नाहीच. हाताने छोटा खड्डा करायचा, त्यात त्याला ठेवायचा, वर चिमूटभर तांदूळ. आणि त्या अळ्यांना नेमकी मातीच हवी असते. मातीत शिरून त्या लालसर, टणक दाण्यासारख्या होतात आणि पुढे त्या दाण्यातून माशी निघते. बा प्रत्येक मेलेल्या देवाबरोबर स्वतःच्या हाताने नव्या माश्या पेरत होता. मी हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याचे किडे मीच मारले होते.

"मंग देवाले जाळू काय?"

"जाळू नको. ती माती मले दे."

दुसऱ्या दिवशी त्याने टोपलीभर माती शिवेवर आणून ठेवली आणि पाठमोरा उभा राहिला. मी ती उचलून घरी नेली, आईच्या चाळणीने चाळली आणि मिळालेले दाणे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओलसर मातीवर ठेवून तोंडाला पातळ फडकं बांधलं. आई पुढे ती चाळणी घरात घ्यायला तयार नव्हती.

त्या साली बाला कोष असे मिळालेच नाहीत. किडे संपले, तो घरी आला. व्रत संपलं होतं, तरी त्याने दाढी केली नाही. मासोळी रांधली तर ताट सरकवलं. दिवसभर बरणीसमोर बसून राहायचा. मी सुट्टी काढून घरीच होते. एका सकाळी त्याने मला हाक मारली. माती हलत होती.

माशी दाण्यातून निघते तेव्हा तिच्या कपाळावर एक फुगा येतो. तो फुगवत, मिटवत ती दाण्याचं टोपण ढकलते, माती सारते आणि वर येते. त्या वेळी ती अगदी कच्ची असते. पंख चुरगळलेले, अंग लिबलिबीत, रंग भिजवलेल्या पिठासारखा. तिला एक-दोन दिवस जिवंत ठेवायचं असतं. मग पंख ताणले जातात, अंगावरचे केस ताठ होतात, खरा रंग चढतो. त्यानंतर मारली तरच तिचं वर्णन करण्यात अर्थ. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मार त्याइले," बा म्हणाला.

"थांब न बा. उद्यापरेंत पक्क्या होतीन."

"आत्ता मार. माह्यासमोर. माह्ये किडे मरून राहिले होते तवा कोन थांबलं?"

त्याच्या दाढीत दोन महिन्यांची धूळ होती. मी वाद घातला नाही. इथरचा बोळा बाटलीत टाकला आणि वर आलेल्या अकरा माश्या एकेक करून त्याच्यासमोर मारल्या. प्रत्येकीचे पाय थांबेपर्यंत तो वाकून पाहत होता. अकरावी थांबल्यावर उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि न्हाव्याकडे गेला. मला त्या वेळी मनापासून बरं वाटलं होतं. वैऱ्याला डोळ्यांसमोर मरताना पाहायचा पहिला हक्क त्याचा होता, शास्त्राचा नंबर त्यानंतर.

पुढच्या दोन दिवसांत निघालेल्या माश्या मात्र मी जगू दिल्या. त्या तव्याच्या बुडासारख्या काळ्याभोर झाल्या. सगळा ऐवज मांडीवर घेऊन मी एस. टी.ने निघाले. कारध्याच्या पुलावर गाडी उसळली तेव्हा मी डबा असा छातीशी धरला की शेजारच्या बाईने विचारलं, "लेकरू हाय काय त्यात?"

कॉलेजात बरा सूक्ष्मदर्शक एकच, आणि त्याच्या कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे. यांना आम्ही सर म्हणत असू, तेच मीही म्हणते. कडक इस्त्रीचा सफारी, खिशात दोन पेनं, दोन्हींनी फक्त सह्या. सरांनी कित्येक वर्षांत स्वतःच्या हाताने बेडूकसुद्धा कापला नव्हता. किल्ली देताना मात्र ते दर वेळी विचारत, "मॅडम, अजून माश्याच मारताय?" आणि स्वतःच हसत. दोन वर्षं रोज मुलांचं प्रॅक्टिकल संपलं की मी त्या काळ्या माश्या पाहत बसायची. पाठीवरच्या राठ केसांच्या ओळी मोजायच्या, कोणता केस कोणत्या बाजूला वळतो ते काढायचं. नराच्या शेपटाकडचा भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून, ग्लिसरिनमध्ये ठेवून, सुईच्या टोकाने सुटा करायचा, कारण माशीची खरी ओळख तिथे असते. नागपूरहून पुस्तकं आणायची, पत्रं लिहायची. हळूहळू शंका उरली नाही. ही माशी कोणाच्याच यादीत नव्हती.

तेव्हाच दोन पानं लिहून छापायला पाठवली असती तर? पण मला ते निर्दोष हवं होतं. ढिवराच्या पोरीने लिहिलेल्या कागदात कोणाला काडीएवढीही खोट सापडू नये, हा माझा हट्ट. आणि एक दिवस आनंदाच्या भरात मी सरांना सांगून बसले. "सर, माशी नवी आहे. डब्यात लावून ठेवलीये." ते म्हणाले, "छान छान." पुढच्याच आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरची परीक्षक म्हणून त्यांनी माझं नाव गोंदियाला पाठवलं. आठ दिवस.

परत आले तर टाचणीने टोचून ठेवलेल्या माश्यांच्या डब्याची खालची ओळ रिकामी. अकराच्या अकरा कच्च्या माश्या गायब. काळ्या माश्यांना कोणी हात लावला नव्हता, कारण त्या काळ्या होत्या आणि सरांना त्या नेहमीच्याच वाटल्या असणार. कच्च्या माश्या मी टोचून का ठेवल्या होत्या, तर टोचायचा सराव म्हणून. आणि बासाठी मारल्या होत्या, त्या फेकवत नव्हत्या, म्हणूनही.

"जरा पाहायला नेल्यात मी," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात नवा गोडवा होता. "काय फिकट रंग आहे हो! अगदी वेगळीच चीज आहे, मॅडम."

त्या फिकट नाहीत, कच्च्या आहेत, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं. "हो का सर?" एवढंच म्हणाले. खरंच सांगते, आयुष्यात मी काही चवीने गिळलं असेल तर ते वाक्य.

मग मी गंमत पाहत बसले. सरांनी चार पानांचा लेख लिहिला, एकट्याच्या नावाने. माश्या स्वतः जंगलात फिरून गोळा केल्याचं त्यात लिहिलं. माझ्या हातच्या चिठ्ठ्या पिनांवरून काढून त्यांच्या हातच्या लावल्या. माशीला नाव दिलं ते लॅटिनमधलं, अर्थ फिकट. शेवटी कोषपालकांचे आणि 'विभागातील एका सहकाऱ्याचे' आभार. छापखान्याहून प्रूफं आली तेव्हा त्यांनी ती माझ्यासमोरच टाकली. "तुमचं अक्षर अन् नजर चांगली आहे, चुका काढा." मी चुका काढल्या. स्वल्पविराम दुरुस्त केले. 'सर्वांग पिवळट पांढरे, केस मऊ व दुमडलेले' या ओळीवर पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केली.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आम्ही ढिवर, माशाशी वैर हाच आमचा धंदा, आणि तो करायचा तर जाळं टाकून गप्प बसावं लागतं हेही आम्हाला माहीत असतं. कॉलेजच्या सभागृहात सरांना शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात ते म्हणाले, हा फिकटपणा घनदाट जंगलातल्या सावलीमुळे आला असावा. सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. घरी जाऊन एकटीच हसले, आणि मग रडलेही, कारण शाल कोणत्याही कारणाने का होईना, माझ्या माशीची होती.

बाला मी सगळं सांगितलं होतं, कच्च्या माश्यांची बाब सोडून. तो म्हणाला, "त्याची टांग तोड." मी म्हटलं, "तोडतो. जरासा थांब."

माझा बेत सोपा होता. काळ्या, पक्क्या माश्यांवरून मी खरं वर्णन लिहायचं, निर्दोष. आणि शेवटच्या परिच्छेदात एकच वाक्य घालायचं, की याआधी छापलेली फिकट माशी ही जातच नव्हे, ती दाण्यातून निघता निघता मारलेली कच्ची माशी आहे. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं घालवली. कधी ते सभ्य करून पाहिलं, कधी धारदार. सरांचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांसमोर आणून झोपी जायची. शेवटी लेख, चित्रं आणि सहा काळ्या माश्या मी कलकत्त्याच्या एका वृद्ध तज्ज्ञांकडे पाठवल्या. देशात माश्या त्यांच्याइतक्या कोणी पाहिल्या नव्हत्या. मी विनंती केली की सरांच्या माश्याही मागवून घ्या आणि स्वतः ठरवा. त्यांनी मागवल्या. सरांनी त्या रेशमी कापसात गुंडाळून, अभिमानाने पाठवल्या.

उत्तर यायला पावसाळा आणि हिवाळा गेला. पत्र दीड पानांचं, मोठ्या प्रेमाने लिहिलेलं. तुमचं निरीक्षण शब्दशः बरोबर आहे, त्यांच्या माश्या कच्च्या आहेत, तुमची चित्रं उत्तम आहेत. मी उभ्याउभ्या वाचत होते. आनंदाने माझे कान तापले होते. पुढे त्यांनी लिहिलं होतं, शेपटाकडचे भाग मी तुमच्या सरांच्या माश्यांचेही उकळून पाहिले. कच्च्या असल्या तरी ओळख पटते. तुमची काळी आणि त्यांची फिकट, एकच जात. आणि जात खरोखरच नवी आहे. तेव्हा आपल्या नियमाप्रमाणे ज्याने नाव आधी छापलं त्याने दिलेलंच नाव राहील, आणि त्या नावामागे त्याचं स्वतःचं नावही कायम लागेल. वर्णन कितीही वाईट असलं तरी. नावाचा अर्थ माशीला लागू पडत नसला तरीही ते बदलता येत नाही. शेवटी एक ओळ होती. 'आपण दोघं एकाच विभागात असताना ही चूक छापण्याआधी आपण त्यांना का दाखवून दिली नाही, हे मला समजलं नाही.'

हा नियम मला माहीत नव्हता. नियमांचं पुस्तक आमच्या ग्रंथालयात नव्हतं, आणि वाईट लिहिलेलं आपोआप रद्द होतं असा माझा भाबडा विश्वास होता. मी एक वाक्य बोलले असते, 'सर, या कच्च्या आहेत', तर त्यांनी लेख लांबणीवर टाकला असता आणि मला वेळ मिळाला असता. मी गप्प बसले, वर प्रूफं तपासली. माझी माशी मी स्वतःच्या हाताने, स्वल्पविराम दुरुस्त करून, त्यांच्या पदरात घातली होती.

तेव्हाचा राग मला अजून आठवतो. तो कोणावर तरी काढायलाच हवा होता. सर तेव्हा बढती घेऊन दुसऱ्या गावी गेले होते. त्यांना कळलंसुद्धा नसतं. रविवारी मी एकोडीला गेले. बा अंगणात जाळं विणत बसला होता. म्हातारा झाला होता. किडे राखायला अजून जात होता.

"काय लिवलं कलकत्तेवाल्यानं?"

मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, आणि एकाएकी मांडीवर थाप मारून हसू लागला.

"म्हंजे त्या माशीच्या मांगं त्या मास्तरचं नाव? जलमभर?"

"हो. कायमचं."

"अन् तुह्यं नाही?"

"नाही."

"बरं झालं वो बाई! माह्या देवाइले खानारी ते हरामखोर माशी. तिच्यासंगं आपलं नाव कायले पाह्यजे? घे म्हना त्याले. यापरीस मोठा बदला कोनता? मी टांग तोड म्हनलो, तू तं त्याचं नाकच कापलं!" त्याने आईला हाक मारली. "आयकलं काय वो? पोरीनं बदला घेतला!"

तो इतका खुश मी कधी पाहिला नव्हता. कोषांचं पीक भरघोस आलं तेव्हाही नाही. त्याच्यासाठी हिशेब मिटला होता. माझी पाच वर्षं, माझे केसांच्या ओळी मोजून दुखणारे डोळे, यांचं त्याला काहीच नव्हतं. मला ते सहन झालं नाही.

"बदला नाही घेतला," मी म्हटलं. "त्याच्या हाती लागल्या त्या तुह्या अकरा माश्या होत्या. तू मारले लावल्या त्या. मी थांब म्हनलं होतं. त्या दिवशी तू थांबला असता, तं त्याले चोरालेच काही भेटलं नसतं. माशी माह्या नावावर असती."

हे पुरतं खरं नव्हतं. कच्च्या माश्या नसत्या तर सरांनी काळ्या नेल्या असत्या. मला ते बोलतानाही माहीत होतं.

बाच्या हातातली सुई जाळ्यात तशीच राहिली. आई दारात आली होती, ती परत आत गेली.

"मले काय मालूम, बाई," बा म्हणाला. "माह्ये किडे मेले होते."

त्याने जाळं गुंडाळलं, खुंटीला अडकवलं आणि तलावाकडे निघून गेला. त्यानंतर त्याने मला एकही माशी दाखवली नाही. मी नाल्यापाशी गेले की तो यायचा, उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, यंदा किडे चांगले आहेत.